बेया मावशीचं नारिंग

युस्राने बोट मातीत खुपसलं. ओली. चांगली दुसऱ्या पेरापर्यंत ओली.

"बाबा, ओली आहे," ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर जीभ चावली.

लझहरने कागदावर खूण केली. तो नाबुल शहराच्या नगरपालिकेचा पाणी-तपासनीस. जूनपासून नियम होता: बागेला, अंगणातल्या झाडांना नळाचं पाणी घालायचं नाही. कोणी घातलेलं आढळलं, की महिनाभर नळ बंद. ऑगस्ट उजाडेपर्यंत गल्लीतली नारिंगाची सगळी झाडं वाळली. बेया मावशीचं तेवढं भिंतीवरून डोकावत होतं, गडद हिरवं, जणू त्याला नोटीस वाचताच येत नव्हती. मागच्या अंगाची एक फांदी काय ती पिवळी पडलेली.

हे काल कुसकुस खाता खाता युस्राच बोलून गेली होती. तिला नुसतं कुतूहल होतं. बाबांना मात्र नोकरी होती.

"तपास, तपास," बेया मावशी दारातून म्हणाली. सत्तरीची, एकटी. "लहानपणी याच झाडावरून दोनदा पडलास, तेव्हा नाही विचारलंस पाणी कोण घालतं ते."

"पाइप कुठे आहे, मावशी?"

पाइप कोठीत सापडला. गुंडाळलेला, वर कोळ्याचं जाळं. अंगणात विहीर नव्हती. टँकर या बोळात शिरूच शकत नाही. मीटरवर महिन्याचा वापर वसंतात होता तेवढाच, एका माणसापुरता. युस्राने फरशा ठोकून पाहिल्या, भिंतीला कान लावला. कुठे गळती नाही. तिला भारी मजा येत होती. पण नळ बंद झाला तर मावशी पाणी आणणार कुठून? गुडघ्यांपायी ती कोपऱ्यावर पाव आणायलासुद्धा जात नाही.

"मग माती ओली कशी?" लझहरने घाम पुसला.

"मला काय विचारतोस? झाडाला मी एक थेंब घातलेला नाही. खोटं बोलणं सोडून दिलंय मी, नंतर लक्षात राहत नाही."

कागदावर 'पाणी कुठून' असं छापून पुढे तीन चौकोन होते. नळ, विहीर, टँकर. लझहरचं पेन नळापाशी येऊन थांबलं.

तेवढ्यात दुपार कलल्याची अजान झाली.

"थांब जरा," म्हणत मावशी आत गेली आणि भरलेला तांब्या घेऊन आली. बुंध्याशी बुटकं स्टूल होतं, त्यावर टेकली. नमाजाआधीची वजू करू लागली. हात धुतले, चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं. मग कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला तळवा, शेवटी पाय.

पाण्यामागोमाग युस्रा खाली वाकत गेली. कोपरावरून ओघळलं, टाचेवरून उतरलं, आणि मातीत पडलेल्या बोटभर चरातून सरळ मुळाशी गेलं. तो चर काही आजचा नव्हता.

"तू रोज इथेच बसतेस?"

"आत मोरीशी वाकवत नाही मला."

"रोज पाचही वेळा?"

"मग काय, उन्हाळ्यात सूट असते?" मावशीने ओढणीने तोंड टिपलं. "नियमवाल्याची मुलगी ना तू?"

लझहर खाकरला. "पण मावशी, हे नळाचंच पाणी."

"नळाचंच. मी माझे हातपाय धुते. झाड मध्ये उभं आहे, त्याला मी काय करू?"

"बाबा," युस्रा हळूच म्हणाली, "चौथा चौकोनच नाहीये."

लझहरने पेनाला टोपण लावलं. कागद युस्राच्या हातात दिला, मनगटावरचं घड्याळ काढून तेही दिलं, आणि बाह्या दुमडायला लागला.

"मावशी, आणखी एक तांब्या मिळेल?"

"मशिदीत नळ नाहीत वाटतं?"

"आहेत की."

त्याने स्टूल उचललं, झाडाला वळसा घातला, आणि पिवळ्या फांदीखाली नेऊन ठेवलं.