फाटक कुणी लावलं

"मी लावलं नाही," अल्बी म्हणाला. सकाळपासून चौथ्यांदा.

ग्लेनिसनं त्याचे लोकरीचे मोजे बॅगेत कोंबले. "बाबा, मी विचारलंच नाही तुम्हाला."

"विचारत नाहीस, पण बॅग भरतेस."

काल पोर्ट ऑगस्टाहून साडेपाच तास गाडी हाकत ती आली होती. शेवटचे दोन तास कच्चा रस्ता, दात खिळखिळे करणारा. डोंगरांची लाल रांग दिसायला लागली तशी तिच्या कपाळाची शीर ठणकायला लागली होती. वृद्धाश्रमातली खोली शुक्रवारपर्यंतच राखून ठेवणार होते. आजवर दर वेळी बापानं काहीतरी निमित्त काढून तिला वाटेला लावलं होतं, पण या खेपेला अकरा गाई मेल्या होत्या.

दोन वर्षं पाऊस नव्हता. ओढ्यात नुसती वाळू होती. घळीकडच्या माळावर चरणाऱ्या गुरांना पाणी मिळायचं ते फाटकाच्या अलीकडच्या बोअरवर, म्हणून ते फाटक सताड उघडं असायचं. फाटक उघडं दिसलं तर उघडं ठेवायचं, लावलेलं दिसलं तर पुन्हा लावून पुढं जायचं, हे इथल्या पोरांना बोलता यायच्या आधी कळतं. मागच्या गुरुवारी ते कुणीतरी लावलं. साठ किलोमीटरवरचा शेजारी बार्नी सोमवारी आपल्या छोट्या विमानातून चालला होता, त्याला वरून कावळे दिसले. त्यानं फोन अल्बीला केला नाही, ग्लेनिसला केला.

"मे महिन्यात तुम्ही गॅस चालू ठेवून झोपलात," ती म्हणाली.

"त्याचं बटण ढिलं आहे."

"डिझेलच्या गाडीत पेट्रोल ओतलंत."

"डबे एकाच रंगाचे आहेत. तू आणलेस."

"आणि फाटक?"

"ते फिरस्त्यांनी लावलं. शहरातले लोक. फाटक दिसलं की लावायचं, जसं काही संडासाचं दार आहे."

"कुठले फिरस्ते, बाबा? सहा वर्षं झाली, कुणी मुक्कामाला कितीही विनवलं तरी तुम्ही घळीत पाऊल टाकू देत नाही."

"चोरून येतात."

ग्लेनिसनं कपाळाला हात लावला. सकाळी ती उठली तेव्हा हा माणूस घरात नव्हता. चाळीस किलोमीटरवरच्या पेट्रोलपंपावर ब्रेड आणायला गेला होता, फ्रीजरमध्ये तीन ब्रेड असताना. अडीच तासांनी परत आला तो शीळ वाजवत. तेही तिनं मनात टिपून ठेवलं होतं.

"इथून नेलंस तर मी नाताळ बघणार नाही," अल्बी खिडकीबाहेर बघत म्हणाला. "धमकी देत नाही. सांगून ठेवतो."

तिला त्याचा राग आला आणि लगेच स्वतःचाही. अठ्ठावन्न वर्षं या एका खिडकीतून या एका डोंगराकडे बघत बसलेला माणूस शहरात भिंतीकडे बघत किती दिवस काढणार, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण कळून करायचं काय? उद्या गाईंच्या जागी हा स्वतः पडला म्हणजे?

तेवढ्यात अंगणात धूळ उठली. मागं कॅराव्हॅनचं फिरतं घर ओढणारी एक गाडी येऊन थांबली आणि साठीतलं एक जोडपं खाली उतरलं. मेलबर्नचे डेनिस आणि लिओनी. नव्या टोप्या हातात धरून दोघं दारातच उभी राहिली.

"तुमचं ते फाटक," डेनिस म्हणाला, "ते आम्ही लावलं. मागच्या गुरुवारी. आम्हाला वाटलं, कुणीतरी उघडं टाकून गेलंय. गुरांचं आज पंपावर कळलं. फार वाईट वाटलं."

ग्लेनिस बघतच राहिली. "गुरुवारी? नक्की?"

"गुरुवारी. दुपारी," लिओनी पायांकडे बघत म्हणाली.

मग अल्बी उठला, आणि त्याच्या तोंडाचा पट्टा असा सुटला की ग्लेनिसला बारा वर्षांची झाल्यासारखं वाटलं. डोळे कपाळात ठेवता की गाडीच्या डिकीत? तुमच्या घरी येऊन मी नळ बंद करतो का? जनावरं तीन दिवस कुंपणाला टेकून पाण्याच्या वासावर उभी होती, माहीत आहे? दोघं मान खाली घालून ऐकत राहिली. लिओनीच्या डोळ्यांत तर पाणी आलं.

"असू दे," शेवटी दम लागून अल्बी खाली बसला. "चूक कबूल करायला चाळीस किलोमीटर आलात. आता आलाच आहात तर राहा घळीत दोन दिवस."

"बाबा? यांना घळीत?"

"मग? माझी जमीन आहे."

ग्लेनिसनं बॅगेतून मोजे बाहेर काढले. मग शर्ट. "माझं चुकलं, बाबा. मी तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता."

"चहा टाक," अल्बी म्हणाला. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही.

चहाआधी तिनं फोन केला. खोली दुसऱ्या कुणाला देऊन टाका, बाबा येत नाहीत. पलीकडच्या बाईनं बरं म्हटलं, यादीत पुढची आठ माणसं थांबली होती. फोन ठेवल्यावर ग्लेनिसच्या कपाळाची शीर कित्येक दिवसांनी गप्प झाली.

पाहुण्यांना निरोप द्यायला ती अंगणात गेली. डेनिसनं गाडी सुरू केली होती. लिओनीनं काच खाली केली.

"तुमच्या बाबांनी असं झापलंय, मला धडकीच भरली आहे बघा," ती म्हणाली. "आमच्या हातून खरंच काही चुकायला नको. ते फाटक नेमकं कुठं लागतं, ओढ्याच्या आधी की नंतर?"