चार नंबरचा संच

दोन वाजायला सात मिनिटं होती. वीज नियंत्रण कक्षातला फोन अजून वाजला नव्हता, आणि ती खुर्चीच्या टोकावर बसून होती.

खरं तर ही खुर्ची आता तिची नव्हती. इथे सहा वर्षं काढून ती वरच्या मजल्यावर, नियोजन विभागात गेली होती. कोळशावरचा कोणता वीजनिर्मिती संच कधी बंद करायचा, त्याच्या जागी वाऱ्याची आणि उन्हाची वीज कुठल्या वाहिनीने आणायची, याचा वीस वर्षांचा आराखडा तिच्याच हातचा होता. त्यातला पहिला संच आज कायमचा बंद व्हायचा होता. चार नंबरचा. आणि त्या संचावर पाळीप्रमुख होते तिचे वडील.

आराखडा छापून आला त्या दिवशी वडील एकच वाक्य बोलले होते, "खाल्ल्या घरचे वासे मोजलेस." तेव्हापासून आठ महिने अबोला. घरी फोन केला की आईच उचलायची आणि मागून "सांग तिला, मी जेवलो" एवढं ऐकू यायचं. आईला कोळशाच्या राखेने दमा जडलेला; निरोप पोचवता पोचवता तिलाच धाप लागायची. बापलेक एकाच मुशीतले, मोडतील पण वाकणार नाहीत.

म्हणून तिने आज कक्षप्रमुखांकडून ही खुर्ची मागून घेतली होती. संच बंद केला की पाळीप्रमुखाला नियंत्रण कक्षाला कळवावंच लागतं. म्हणजे आज वडिलांना तिच्याशी बोलणं भाग होतं. कशाला जखमेवर मीठ चोळून घेतेस, असं प्रमुख म्हणाले, पण उठले. वडिलांनी एकदा नुसतं लहानपणासारखं 'चिऊ' म्हटलं असतं, तरी तिला पुरे होतं.

फोन वाजला.

"चार नंबरवरून पाळीप्रमुख बोलतोय."

तिने "नियंत्रण कक्ष" म्हटलं. आवाज ओळखायला बापाला असा कितीसा वेळ लागतो?

"लिहून घ्या, मॅडम."

तिने पेन उचललं. इथला नियम असा, की पलीकडचा जे सांगेल ते अलीकडच्याने जसंच्या तसं म्हणून दाखवायचं आणि मग पलीकडच्याने 'बरोबर' म्हणायचं. एक आकडा चुकीचा ऐकला तर तारेवरचा माणूस जातो, म्हणून. वडिलांनी सांगितलं, भार शून्य. तिने म्हटलं, भार शून्य. बरोबर. दोन वाजून एक मिनिटाला संच विजेच्या जाळ्यातून बाहेर. तेही तिने म्हणून दाखवलं. बरोबर. समोरच्या पडद्यावर चार नंबरपुढे शून्य आलं. पवनचक्क्यांच्या वाहिनीचा आकडा आधीच तेवढा वर चढला होता. कक्षातले दिवे लुकलुकलेसुद्धा नाहीत. आराखडा चोख होता.

आणि सवयीने तिच्या तोंडून पुढचा प्रश्न निघून गेला. सहा वर्षं, दर वेळी संच बंद झाला की तिने तो विचारला होता.

"परत सुरू कधी?"

प्रमुखांनी चटकन मान वळवली. नोंदीच्या कागदावरचा तो रकाना त्यांनी सकाळीच स्वतःच्या हाताने खोडून ठेवला होता. तिने जीभ चावली. पण विचारलेला प्रश्न इथे मागे घेता येत नाही.

"ते तुम्ही लिहिलंय, मॅडम," वडील शांतपणे म्हणाले. "पान दोनशे अठरा. खालून तिसरी ओळ."

म्हणजे त्यांनी तो आराखडा वाचला होता. सबंध. ओळी मोजून.

ते थांबले होते. आता तिने म्हणून दाखवायचं होतं.

"ते मी लिहिलंय," ती म्हणाली. "पान दोनशे अठरा. खालून तिसरी ओळ."

"बरोबर."

ज्याने फोन केला त्यानेच आधी ठेवायचा, हाही नियमच. वडिलांनी ठेवला नाही. त्यांच्या मागून संचाची घरघर येत होती. वाफ तोडली तरी ते अवजड धूड आपल्याच वेगाने बराच वेळ फिरत राहतं. लहानपणी वीज केंद्राच्या वसाहतीत ती याच आवाजात झोपायची, आणि कधी तो थांबला तर दचकून उठून बसायची. तिने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. प्रमुखांनी बाकीचे फोन दुसऱ्या टेबलाकडे वळवले.

घरघर खाली खाली येत गेली. अर्ध्या तासाने संच थांबला आणि नुसता वडिलांचा श्वास ऐकू येऊ लागला. मग त्यांनी फोन ठेवला.