माजघरातला झुला

सर्कशीत झुल्यावरून उडणाऱ्या अहल्येला तिचा नवरा कृष्णात झेलायचा. अठ्ठावन्न साली तो पडला, खांदा निखळला आणि दोघं बंगळुरात तिच्या माहेरी येऊन राहिली. पुढल्या वर्षी सर्कस गावात आली, तशी अहल्येने माजघरातल्या तुळईला झुला बांधला, खाली गाद्या अंथरल्या. कृष्णात गुडघ्यांनी उलटा लोंबकळला. स्टुलावरून तिने झेप घेतली, त्याने मनगटं धरली, पण अहल्या निसटून गादीवर आपटली. “माझेच हात घामेजले,” ती म्हणाली. “स्वल्प थांबून पुन्हा करू.” पुन्हाही तेच झालं. “खोटं बोलू नकोस, सुटतोय माझाच हात,” खाली उतरून खांदा चोळत तो म्हणाला. “तू परत जा. दुसरा कुणीतरी झेलेल तुला.” ती नाही म्हणेल, असं त्याला वाटलं. “मॅनेजरना सकाळीच होकार देऊन आले,” अहल्या पुटपुटली. “पण वाटलं, एकदा तरी धराल.”