यंदाचा गारदी

"अब्दालीचं काम इब्राहिमकडे," माधवराव म्हणाले आणि पुढच्या पात्राकडे वळले.

शनिवार पेठेतल्या गणेश मंडळाच्या मांडवात जिवंत देखाव्याची पात्रं वाटली जात होती. यंदा पानिपत. माधवराव बँकेतून निवृत्त झालेले. देखावा त्यांना घरच्या कार्यासारखा, त्यामुळे त्यात दुसऱ्या कुणाचं काही चालत नसे.

"मला गारदी द्या," इब्राहिम मणेर म्हणाला.

इब्राहिमनं आजवर पात्र मागून घेतलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी त्याचं बांगड्यांचं दुकान. धिप्पाड देह, राखलेली दाढी. त्यामुळे प्रतापगड असला की अफजलखान तो, लाल महाल असला की शाहिस्तेखान तो आणि आग्रा असलं की औरंगजेबही तोच. यात कुणाच्या मनात पाप नव्हतं. खानाचा अंगरखा त्याच्या मापाचा शिवलेला होता, एवढंच.

"गारदी श्यामसुंदर करतोय," माधवराव म्हणाले. "तुझ्यासारखा अब्दाली मला अख्ख्या पेठेत मिळायचा नाही."

"पण गारद्याचं नाव इब्राहिमखान. माझंही इब्राहिमच."

"नावावर पात्रं वाटायला बसलो तर गणपती उठतील, बाबा. दिल्लीचा इब्राहिम लोदी आहे. तोही पानिपतावरच मेला, पहिल्या लढाईत. विजापूरचा इब्राहिम आदिलशहा तर गणपतीला वंदन करून गाणी रचायचा. खरं म्हणजे मंडळाला तोच जास्त शोभेल. पण गाणी रचणाऱ्या माणसाला बघायला रांग कोण लावणार?"

सगळे हसले. इब्राहिमही हसला, पण जागचा हलला नाही. त्याची बायको जुबेदा लग्न झाल्यापासून एकदाही देखावा बघायला आली नव्हती. नवऱ्याला लोकांच्या शिव्या खाताना बघायला मी गर्दीत कशाला उभी राहू, असं ती एकदाच म्हणाली होती. तेव्हा त्यानं ते हसण्यावारी नेलं, पण बोलणं आत कुठेतरी लागलं होतं. तिनं एकदा तरी यावं, असं त्याला फार वाटे. आणि सरळच सांगायचं तर, एकदा तरी त्याला सदाशिवरावभाऊंच्या शेजारी उभं राहायचं होतं.

"अरे, गारदी पकडला जातो आणि मारला जातो," माधवराव म्हणाले. "म्हणजे यंदाही तुला मरावंच लागणार."

"मरतो की. त्याची सवय आहे. यंदा फक्त आपल्या बाजूनं मरतो."

माधवरावांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला.

"श्यामसुंदर," ते म्हणाले, "दाढी चिकटवून बघ. अब्दाली तुझ्याकडे."

पहिल्या दिवशी संध्याकाळी पडदा वर गेला तेव्हा जुबेदा समोरच्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवर उभी होती. संवाद कॅसेटवरचे होते, पात्रांनी नुसते ओठ हलवायचे. पण इब्राहिम जीव ओतून ओठ हलवत होता. तोफा धडाडल्या, धूर झाला, भाऊ गर्दीत दिसेनासे झाले. जखमी गारद्याला बांधून अब्दालीपुढे आणलं. बाजू सोड, जीव वाचेल, असं अब्दालीनं सांगून पाहिलं. ज्याचं मीठ खाल्लं त्याला सोडणार नाही, असं गारदी म्हणाला. तलवार फिरली आणि इब्राहिम फळ्यांवर दाणकन पडला.

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

कुणीतरी शिट्टीही मारली. पेठेला सवयच तशी होती. इब्राहिम पडला की खान मेला आणि खान मेला की टाळ्या. कोण पडलं, कुणाच्या बाजूचं पडलं, हे बघायला थांबतो कोण? इब्राहिमला डोळे मिटून पडून राहणं भाग होतं. मेलेल्या माणसाला उठून खुलासा करता येत नाही. गिरणीची पायरी डोळ्यांपुढे आली आणि त्याला रडू फुटेल असं वाटलं.

पडदा पडला.

"काय टाळ्या घेतल्यास रे!" श्यामसुंदर दाढी खाजवत म्हणाला. त्या बिचाऱ्याच्या काही लक्षातच आलं नव्हतं. माधवराव मात्र तडक बाहेर निघून गेले.

इब्राहिम अंगरख्याचे बंद सोडू लागला. तेवढ्यात जुबेदा मांडवाच्या मागच्या बाजूनं आत आली.

"काढताय कशाला?" तिनं विचारलं. "अजून एक खेळ आहे ना?"

"बघितलंस ना, काय झालं ते?"

"बघितलं. मी थांबतेय."

तिनं पुढे होऊन सुटलेले बंद पुन्हा बांधले, नीट गाठ मारून.

इब्राहिम पाणी प्यायला बाहेर आला, तर माधवराव मांडवाच्या खांबाशी स्टुलावर उभे होते. हातात पुठ्ठा. त्यावर त्यांच्या बँकेतल्या गोल, टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं:

"इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या बाजूने लढला. तो मारला गेल्यावर टाळ्या वाजवू नयेत. इतिहास घरून वाचून यावा."

"बघ रे," ते म्हणाले, "काही राहिलंय का?"

इब्राहिमनं पाटी सावकाश वाचली. रांगेतले लोक माना वर करून वाचत होते. एकानं हळूच दुसऱ्याला विचारलं, "म्हणजे मघाशी मेला तो आपला होता?"

"राहिलं काही नाही," इब्राहिम म्हणाला. "जरा वर लावा, माधवराव. मागच्यांना दिसली पाहिजे."