हाडासोबत वाढणारी सळई

एम.टेक.च्या शेवटच्या प्रात्यक्षिकाला इतरांनी टेबलावर धातूचे तुकडे मांडले होते. शर्वरी निंबाळकर मात्र नऊ वर्षांच्या तन्मयीचा हात धरून आली.

तन्मयीच्या उजव्या मांडीचं हाड ठिसूळ होतं, म्हणून त्यात शर्वरीने विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत थरावर थर छापून घडवलेली सळई गेल्या मे महिन्यात बसवली होती. आधीच्या सळया मूल वाढलं की आखूड पडायच्या, म्हणून दर मे महिन्यात ऑपरेशन व्हायचं. हा धातू हाडासोबत वाढेल, असं शर्वरीचं म्हणणं होतं.

परीक्षकांनी दोन्ही पाय मोजले, गेल्या वर्षीच्या नोंदींशी ताडून पाहिले. चष्मा पुसून पुन्हा मोजले.

"वर्षात डावा पाय तीन सेंटिमीटर वाढलाय," ते म्हणाले, "आणि उजवाही तेवढाच."

"मग यंदा ऑपरेशन?" तन्मयीच्या आईने दारातूनच विचारलं.

"आता कशाला?" परीक्षक म्हणाले.

आई मटकन खुर्चीत बसली. तिला हसूही आवरेना आणि रडूही.

"मग मे महिन्यात मी मामाकडे जाऊ?" तन्मयीने शर्वरीला विचारलं.

"जा की. आंबे खा, झाडावर चढ."

परीक्षक गुण लिहायला बसले, तोवर तन्मयी बाहेरच्या लांब व्हरांड्यात पळत सुटली होती. गुण ऐकायला न थांबता शर्वरीही तिच्यामागे धावली.