घरच्या मावशी

कुंदामावशी अमेरिकेत हर्नडनला वैदेहीकडे रोज दुपारी पगारावर स्वयंपाकाला आणि छोट्या अनीशला सांभाळायला यायच्या. त्यांच्यासाठी बेकारीचा विमा भरायला हवा, असं नवऱ्याने सुचवलं, तेव्हा "घरच्या माणसाचा कसला रे विमा?" म्हणून वैदेहीने विषय उडवून लावला होता. पुढे अनीश पूर्ण वेळ शाळेत जायला लागला आणि मावशींचं काम सुटलं.

आज त्या अनीशला भेटायला आल्या होत्या. "वैदू, चहा छान झालाय गं," म्हणत होत्या, तेवढ्यात सरकारी ऑफिसातून फोन आला. कुंदाबाईंनी बेकारी भत्त्यासाठी अर्ज केलाय; त्या तुमच्याकडे नोकरीला होत्या का?

वैदेहीला तो न भरलेला विमा आठवला. हो म्हणावं तर आपणच अडकणार. मावशींना इंग्रजी कुठे कळतंय, या भरवशावर तिने तिथेच बसून इंग्रजीत सांगून टाकलं, "छे, नोकरी कसली? त्या माझ्या मावशी आहेत. घरच्याच."

फोन ठेवून तिने वर पाहिलं. मावशींनी अर्धा कप तसाच टेबलावर ठेवला आणि पर्स खांद्याला लावली.

"येते मी, मॅडम."