लाल पुठ्ठ्याचं पुस्तक

काउंटरपाशी आलेल्या माणसाला धाकटीने ओळखलं. तेच टक्कल, तोच जाड चष्मा. ज्या लाल पुठ्ठ्याच्या पुस्तकाच्या झेरॉक्स ती सकाळपासून काढत होती, त्याच्या मागच्या बाजूला याचाच फोटो होता.

पुस्तक आणि कॉप्यांचा गठ्ठा छातीशी धरून ती पडद्यामागे पळाली. तिथे तिची थोरली जाऊ स्पायरल लावत बसली होती.

"लेखक आलाय," धाकटी पुटपुटली. "स्वतः!"

"अगं बाई! आणि आपण अख्खं पुस्तक काढलंय."

अभ्यासापुरता एखादा धडा चालतो, अख्खं पुस्तक म्हणजे चोरी, एवढा कायदा दोघींना पाठ होता. गेल्याच आठवड्यात शेजारच्या दुकानातलं मशीन पोलिसांनी उचलून नेलं होतं. यांच्या तर दोन्ही चुली एकाच मशीनवर पेटत होत्या.

"कटरखाली घाला सगळं. मूळ पुस्तकसुद्धा," धाकटी म्हणाली. "पुस्तक देऊन गेलेल्या कॉलेजातल्या बाईंना दुसरं आणून देऊ."

ती बाहेर आली. उसनं हसली.

"बोला काका."

"लाल पुठ्ठ्याचं एक पुस्तक इथे आलंय ना?"

"छे हो. अख्खी पुस्तकं आम्ही घेतच नाही. कायदा आहे."

"कायदा मलाही चांगला ठाऊक आहे."

मागे कटर खट्टकन खाली आला. त्याने पडद्याकडे पाहिलं.

"व्हिजिटिंग कार्डं कापतोय," ती घाईघाईने म्हणाली. चोराच्या मनात चांदणं. प्रत्येक खट्ट चौकापर्यंत ऐकू जातोय असं तिला वाटत होतं.

तो पुढे वाकला. आवाज अगदी खाली आणला.

"तुम्ही कशाला घाबरता? भीती मला वाटतेय. हक्क मी प्रकाशकाला लिहून दिलेत. तो छापत नाही आणि मलाही छापू देत नाही. माझ्या प्रती, हस्तलिखित, सगळं पुरात गेलं. बाई म्हणाल्या, एकच प्रत उरलीय, ती तुमच्याकडे दिलीय. गुपचूप एक कॉपी काढून द्याल मला?"

धाकटी ओरडायला वळली, तोच पडदा सरकला. थोरली हात झटकत बाहेर आली.

"खुशाल तपासा, साहेब," ती म्हणाली. "तुमची एक ओळसुद्धा सापडायची नाही इथे."